माझं आलं, आता येईल ना?

१

गार्डकाका रविवारी दुपारी गच्चीवरून पडून गेले, आणि त्यांच्या फोनवर शेवटचा नंबर आमचा निघाला.

आमचा म्हणजे मोफत टीव्ही मदत केंद्राचा. डिश नाही, केबल नाही, महिन्याचं भाडं नाही, साध्या अँटेनावर जे चॅनेल फुकट दिसतात ते दिसेनासे झाले की लोक आम्हाला फोन लावतात. त्या आठवड्यात तर फोनला उसंतच नव्हती. शनिवारी सगळ्या चॅनेलांच्या हवेतल्या जागा बदलल्या होत्या. घरात टीव्हीला जोडलेल्या बॉक्सला हे आपोआप कळत नाही. तो बिचारा जुन्याच जागी शोधत बसतो आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ लिहून मोकळा होतो. त्याला नव्याने शोधायला लावायचं, म्हणजे स्कॅन करायचं. रिमोटवरची दोन बटणं दाबली की काम झालं. एवढंच सांगून सांगून आमच्या पोरींच्या घशाला कोरड पडली होती.

गार्डकाकांचा मुलगा सोमवारी केंद्रात आला. औषधाच्या दुकानात नोकरी करणारा, पस्तिशीचा, डोळे सुजलेले. तो सरळ टेबलांच्या रांगेत शिरला.

“माझ्या वडिलांशी कोण बोललं?”

नवी उठून उभी राहिली. ती तेव्हा नुकतीच लागली होती, म्हणून सगळे तिला नवीच म्हणायचे.

“तू सांगितलंस त्यांना अँटेना बघायला? सत्तरीच्या माणसाला गच्चीवर चढवलंस?”

तो तिला खुनी म्हणाला, सगळ्यांच्या देखत. मग साहेबांच्या खोलीत जाऊन त्याने रीतसर तक्रार दिली. साहेबांनी मला बोलावलं.

मला इथे अँटेनाबाई म्हणतात. लोकांच्या गच्च्यांवर चढण्यात उभं आयुष्य गेलं, आता गुडघे कुरकुरतात आणि जीभही जरा तिखट झाली आहे, असं साहेबांचं मत आहे.

“एकदा जाऊन या,” साहेब म्हणाले. “अँटेना बिघडला होता एवढं लिहून द्या. मग मुलीला काढून टाकतो, प्रकरण मिटलं.”

“आणि बिघडला नसेल तर?”

“तुम्हाला प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायची सवयच आहे.”

आहेच. बाहेर आले तर नवी पाण्याचा ग्लास हातात धरून तशीच उभी होती. पाणी प्यायलेली नव्हती.

“मी त्यांना वर चढा म्हटलं नव्हतं, बाई,” ती म्हणाली. “असं मला वाटतंय. पण आता मलाच खात्री वाटत नाही. म्हटलं असेन का हो मी?”

त्या पोरीची नोकरी जाणार याचं मला वाईट वाटलंच. पण नोकरी दुसरीही मिळते. एका माणसाचा जीव आपण घेतला, हे ओझं घेऊन ती जन्मभर जगणार होती, आणि ते खरं की खोटं हेही तिला कधी कळणार नव्हतं. ते मला बघवेना.

“बस खाली,” मी म्हटलं. “त्यांचं बोलणं आठव. तुझं नको, त्यांचं.”

ती बसली, डोळे मिटले.

“ते म्हणाले, माझं सगळं आलं. वायर पण जोडली. आता येईल ना? मी म्हटलं, आलंय ना काका? तर म्हणाले, माझं आलं हो, पण येईल ना?”

“म्हणजे आलेलं होतं?”

“तेच तर मला कळेना. आलेलं असताना येईल का म्हणून कोण विचारतं? मग मी म्हटलं, शंका वाटली तर शेजाऱ्यांना विचारा, तर बऱ्याच वेळाने म्हणाले, विचारू म्हणता?”

२

घर साधंच होतं. दोन भावांनी मिळून बांधलेलं, एक मजली, वर गच्ची. पण मधोमध भिंत घालून त्याच्या दोन चिरफाळ्या केलेल्या. दरवाजेही दोन. एका बाजूला गार्डकाका आणि त्यांचा मुलगा राहायचे. दुसऱ्या बाजूला गार्डकाकांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे मुलाची काकू, एकटी राहत होती. भाऊ जाऊन काही वर्षं झाली होती.

मुलाने दार उघडलं आणि मला बघून कपाळाला आठ्या घातल्या. तरी आत घेतलं.

“शनिवारपासून टीव्ही बंद पडला असणार,” तो म्हणाला. “टीव्हीशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. मग गेले वर.”

“असणार म्हणजे? तुम्ही बघितला नाही?”

“मी टीव्ही बघत नाही. मोबाइल पुरतो.”

“पडले तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“दुकानात. समोरच्या शिंप्याने फोन केला. मी आलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि घरात टीव्ही कोकलत होता. आधी जाऊन तो बंद केला. बाप अंगणात पडलाय आणि आत व्हायोलिन वाजतंय, डोकं फिरलं माझं.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो काय बोलून गेला हे त्याच्या गावीही नव्हतं.

“रिमोट द्या जरा.”

टीव्ही लावला आणि मी दचकले. आवाज जवळजवळ शेवटपर्यंत चढवलेला होता.

“बाबांना कमी ऐकू यायचं,” मुलगा म्हणाला. “आयुष्यभर मालगाडीवर गार्ड म्हणून काढलेलं. कान त्या गाडीनेच खाल्ले.”

आवाज कमी केला आणि चॅनेल फिरवत गेले. चित्र स्वच्छ, एकाचीही तक्रार नाही. सगळे चॅनेल नव्या क्रमांकांवर बसलेले. शनिवारपासून सुरू झालेलं जुन्या कार्यक्रमांचं चॅनेलही होतं, आणि बॉक्स उघडला होता तो नेमका त्याच चॅनेलवर. म्हणजे गार्डकाकांनी स्कॅन केलेलं होतं, तेही व्यवस्थित.

“तुमच्या वडिलांचा टीव्ही बिघडलेला नव्हता,” मी म्हटलं.

“मग ते वर कशाला गेले?”

“तेच बघायला मी आलेय. गच्चीची किल्ली द्या.”

३

गच्ची दोन्ही घरांची एकच होती. भिंत घालणाऱ्यांनी तिला मधोमध चिरलं नव्हतं, कोण जाणे का. अँटेना मागच्या कोपऱ्यात खांबावर होता. मी त्याला हात लावला, हलवून बघितला. जागचा हलेना. नटांवर जुना रंग होता आणि तो कुठे उडालेला नव्हता. गेल्या कित्येक महिन्यांत त्या नटांना पाना लागलेला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

“ते कुठे पडले होते?” मी विचारलं.

मुलगा मागे वळला आणि पुढच्या कठड्याकडे गेला. मागचा कोपरा सोडून पार पुढे, आणि तेही स्वतःच्या बाजूला नव्हे. त्याने खाली बोट दाखवलं. काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी होती, तिच्यासमोरची फरशी.

मी त्याच जागी कठड्याजवळ उभी राहिले. कठडा माझ्या कमरेपर्यंतही येत नव्हता. त्याला बाहेरून एक काडेपेटीएवढी डबी ठोकलेली होती. आमच्या भाषेत स्प्लिटर. अँटेनाची एक वायर त्यात जाते आणि दोन निघतात. एक गार्डकाकांच्या बाजूला उतरली होती. दुसरी काकूंच्या भिंतीवरून खाली. पहिलीच्या टोकाची पिन काळवंडलेली, गंज खाल्लेली. दुसरीच्या टोकाला लखलखीत नवी पिन होती आणि तिच्यावरच्या टेपला अजून धूळही लागलेली नव्हती.

“ही दुसरी वायर कधीपासून तुटलेली होती?”

मुलगा हळूच म्हणाला, “भिंत घातली तेव्हापासून. बाबांनीच उपटली होती. तेव्हा रागात होते.”

“आता जोडलीय.”

त्याने वाकून बघितलं. “मी नाही जोडली.”

खाली उतरून मी रस्त्यापलीकडच्या शिंप्याकडे गेले. बोलघेवडा माणूस. सुईत दोरा ओवायच्या आत त्याने मला घरादाराचा इतिहास ऐकवला. त्या दिवशी सकाळी बापलेकाचं कडाक्याचं वाजलं होतं, मुलगा दार आपटून निघून गेला होता. कशावरून ते त्याला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसल्याचं त्याला भारी दुःख होतं.

“आणि दुपारी?”

“दुपारी गार्डकाका गच्चीवर होते. माझं मशीन चालू होतं, त्यामुळे सगळं नाही ऐकलं. पण ओरडत होते, आलं का, आलं का म्हणून. अँटेना फिरवताना ओरडतात ना, तसं. एक वर, एक खाली.”

“खाली कोण होतं?”

“ते दिसलं नाही. पण कोणीतरी होतं बघा.” शिंप्याने मशीन थांबवलं. “कारण काका विचारून थांबायचे. उत्तर ऐकायला माणूस थांबतो तसे. मग म्हणाले, काय? आणि मग धप्पकन आवाज आला.”

४

मी उलट पावली मुलाकडे गेले आणि दारातच विचारलं, “सकाळी कशावरून भांडलात?”

तो चपापला. “शिंप्याने सांगितलं वाटतं.”

“तो सांगतोय की दुपारी खाली कोणीतरी होतं. तुमच्या वडिलांशी बोलत होतं.”

“मी दुकानात होतो. विचारा मालकांना, विचारा गिऱ्हाइकांना.” मग त्याचा आवाज एकदम बसला. तो दाराच्या चौकटीला टेकला. “आवाजावरून भांडलो. सकाळी सकाळी टीव्ही फुल. मला हाका मारत होते, अरे बघ, इकडे बघ, ये लवकर. मला उशीर झाला होता. मी म्हटलं, बंद करा ते, डोकं उठलंय. आणि बघायला गेलोच नाही. काय दाखवत होते तेही विचारलं नाही मी.”

म्हणून हा केंद्रात येऊन नवीवर तुटून पडला होता. स्वतःला लागलेलं कुणाच्या तरी अंगावर टाकायला तो माणूस शोधत होता. मला त्याचा राग आला होता तो तिथेच विरघळला.

आतल्या भिंतीवर एक फोटो लावलेला होता. कोट घातलेला, सडपातळ माणूस, हनुवटीखाली व्हायोलिन.

“हे कोण?”

“मोठे काका. स्टुडिओच्या वाद्यवृंदात होते. गाणारे पुढे, हे कायम मागच्या ओळीत.”

“आणि ही मधली भिंत कशावरून घातली तुमच्या घरात?”

“त्या व्हायोलिनवरूनच. काका गेल्यावर बाबांनी ते संगीत शाळेला देऊन टाकलं. चांगलंच वाटेल काकूला, असा त्यांचा समज. विचारलं मात्र नाही. काकूने तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. बाबांनी दोन-चारदा समजूत घातली, मग तेही भडकले. भिंत घातली, वायर उपटली.”

मी बाहेर येऊन प्रसारण विभागातल्या एका जुन्या ओळखीच्याला फोन लावला. रविवारी दुपारी जुन्या कार्यक्रमांच्या चॅनेलवर काय होतं, एवढंच विचारलं.

“वाद्यवृंदाचं जुनं रेकॉर्डिंग,” तो म्हणाला. “सकाळी दाखवलं, दुपारी तेच पुन्हा.”

हातातला फोन मी तसाच धरून राहिले. सकाळी गार्डकाकांनी नवं चॅनेल लावलं आणि पडद्यावर त्यांचा मेलेला भाऊ व्हायोलिन वाजवत बसलेला दिसला. मुलाला हाका मारल्या, तो आला नाही. दुपारी तेच पुन्हा लागणार होतं. मग त्यांनी कुणासाठी नवी पिन आणली आणि कुणाची वायर जोडली, हे सांगायला अँटेनाबाई लागत नाही.

मी काकूंच्या दाराची बेल दाबली.

५

काकू बारीक चणीच्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं. बोलत होत्या इतक्या हळू की मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

“टीव्ही मी बघत नाही,” त्या म्हणाल्या. “कितीतरी वर्षं लावलेलाच नाही.”

टीव्ही कोपऱ्यात होता. त्याच्या वरच्या कडेला धुळीची रेघ अजून दिसत होती, पण पडदा पुसलेला होता. त्याचा कापडी अभ्रा नीट घडी करून बाजूच्या स्टुलावर ठेवलेला होता.

“काकू,” मी म्हटलं, “तुम्ही माझ्या नात्यागोत्यातल्या नाही, मी तुमची उलटतपासणीही घेणार नाही. मला काय वाटतं ते सांगते. चुकलं तर उठवून लावा.”

त्यांनी माझ्या हातातला रिकामा ग्लास घेऊन बाजूला ठेवला.

“गार्डकाकांचा टीव्ही चालू होता. अँटेनाला त्यांनी हात लावला नाही. वर गेले ते तुमची वायर जोडायला. ती जोडून खाली आले आणि आमच्या केंद्राला फोन केला. आमच्या मुलीला म्हणाले, माझं आलं, आता येईल ना? ती घोळात पडली, कारण एका माणसाच्या बोलण्यात दोन टीव्ही आहेत हे तिला कुठून कळणार? माझं आलं हा त्यांचा टीव्ही. येईल ना, तो तुमचा. आम्ही सगळ्यांना सांगतो तेच तिने त्यांना सांगितलं. शंका वाटली तर शेजाऱ्यांना विचारा, त्यांच्याकडे येतंय का. त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, विचारू म्हणता? ती म्हणाली, हो, विचारा ना.”

काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

“मग ते पुन्हा वर गेले. तुमच्या दारात यायची हिंमत झाली नसेल. वरून विचारणं सोपं असतं, तोंड दाखवावं लागत नाही. त्यांनी तुम्हाला टीव्ही लावायला सांगितलं आणि तुम्ही लावलात. अभ्रा अजून स्टुलावर आहे. ते विचारत होते आणि खालून कोणीतरी उत्तर देत होतं, ते शिंप्याने ओळखलं. खाली दुसरं कोणी नव्हतं. गार्डकाकांना कमी ऐकू यायचं आणि तुमचा आवाज हा असा. अँटेना मागे आहे, काकू. ते पडले पुढे, तुमच्या खिडकीवर. काही दुरुस्त करताना नाही पडले ते. तुम्ही काय म्हणालात ते ऐकायला वाकले होते.”

काकूंनी स्टुलावरचा अभ्रा उचलून मांडीवर घेतला.

“मी नाही म्हटलं,” काकू म्हणाल्या. “भाऊजी म्हणाले, वहिनी, टीव्ही लावा. एवढ्या वर्षांनी हाक ऐकली. लावला मी. सिग्नल नाही, असं लिहून आलं. ते म्हणाले, आलं का? मी म्हटलं, नाही. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, नाही.”

“खरं तेच सांगितलंत.”

“मोठ्याने सांगता आलं असतं मला.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मी मुद्दाम हळू बोलले. त्यांना ऐकू येत नाही हे मला माहीत नाही का? पण म्हटलं, इतकी वर्षं मला काही विचारायला आले नाहीत, आता होऊ दे जरा त्रास, ताणू दे कान. तेवढाच माझा राग होता हो. त्याहून जास्त नव्हता.”

मी कुणाचं सांत्वन करण्यात हुशार नाही. हाताला काम हवं म्हणून रिमोट उचलला, स्कॅन लावलं. पडद्यावर आकडे पळू लागले आणि थोड्या वेळात चित्र आलं, हवामानाचा अंदाज सांगणारी बाई. वायर गार्डकाकांनी अगदी बरोबर जोडली होती. काकूंचा बॉक्स जुन्याच जागी शोधत बसला होता, बस. स्वतःचा टीव्ही स्कॅन करायचं त्यांना ठाऊक होतं. वहिनीच्या घरात पाऊल टाकून तेच तिथेही करावं लागेल, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल. किंवा आलंही असेल आणि पाऊल उचललं नसेल.

“ते एवढ्या घाईने का जोडत होते, माहीत आहे तुम्हाला?” मी विचारलं.

“नाही. मी तेच विचार करतेय. एवढ्या वर्षांनी, त्याच दिवशी का?”

हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. तरी सांगितलं. वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग, सकाळी एकदा, दुपारी पुन्हा. अंगणात माणसं जमली होती तेव्हा भिंतीपलीकडे तेच चालू होतं.

काकूंनी तोंडावर हात ठेवला. आवाज फुटू दिला नाही त्यांनी, तेव्हाही नाही.

“परत लागेल का ते?” खूप वेळाने त्यांनी विचारलं.

“सांगता येत नाही. त्यांचं काही वेळापत्रक ठरलेलं नसतं.”

मग मी त्यांना नवीबद्दल सांगितलं. त्या पोरीला भर कचेरीत खुनी म्हटलं गेलंय आणि तिने तेव्हापासून नीट खाल्लेलं नाही, एवढंच. काही मागितलं नाही. तसा अहवाल मी लिहिणारच होते, अँटेना ठीक होता म्हणून. पण कागदावर ती पोर विश्वास ठेवणार नाही, हे मला ठाऊक होतं.

“पुतण्याला कळलं तर मला कोणी उरणार नाही,” काकू म्हणाल्या. “त्याला मी खांद्यावर खेळवलंय.”

“मी सांगणार नाही त्याला.”

त्या उठल्या, चपला शोधू लागल्या.

“तुम्ही नका सांगू,” त्या म्हणाल्या. “ते माझं मला बघू द्या. आधी मला त्या मुलीकडे घेऊन चला.”

६

नवी खण रिकामा करत होती. दोन पेनं, एक कंगवा, एक डबा, एवढाच तिचा संसार. काकू तिच्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि सगळं सांगितलं. हळू बोलल्या तेही सांगितलं, मुद्दाम बोलल्या तेही. नवी ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्याची खूण मला कुठेच दिसेना.

“म्हणजे विचारा असं मीच सांगितलं त्यांना,” ती म्हणाली.

मी मनात कपाळावर हात मारला. कोणाचंही ओझं दिसलं की उचलायची घाई, अशीच ही पोर आहे.

“हो, तूच सांगितलंस,” काकू म्हणाल्या. “नीट ऐक. भिंत घातल्यापासून एकाच घरात, एकाच छपराखाली, आम्ही दोघं तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. मला वाटायचं, हा एकदा विचारेल. त्याला वाटत असेल, ही एकदा बोलेल. तू विचारा म्हणालीस म्हणून त्याने विचारलं. मी वर बघितलं तेव्हा कानामागे हात धरून उभा होता. हसत होता, पोरी. मी नाही म्हणत होते आणि हा हसत होता, कारण मी बोलले होते. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुला सांगते. ते हसू तुझ्यामुळे मला दिसलं. पुढचं माझं आहे, तुझं नाही.”

नवीला तेव्हा रडू आलं. पहिल्यांदाच. काकूंनी तिला रडू दिलं. पलीकडच्या टेबलावर फोन वाजत राहिला आणि मी साहेबांकडे अशा नजरेने बघितलं की ते स्वतः उठून फोनवर गेले.

डोळे पुसून नवीने विचारलं, “आता तुम्ही त्यांच्या मुलाला सांगणार?”

“सांगायला हवं.”

“मी येते तुमच्याबरोबर.”

“तो तुला पुन्हा काहीतरी बोलेल.”

“बोलू दे.”

मी त्यांना गाडीतून सोडलं आणि फाटकाशीच थांबले. मुलाच्या दारात काकू उभ्या, शेजारी नवी. बेल नवीने दाबली. पुढे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मुलगा सुरुवातीला कठोर चेहरा करून ऐकत होता, मग त्याने चौकट धरली. त्याने काहीतरी विचारलं, काकूंनी उत्तर दिलं आणि तो तिथेच उंबऱ्यावर बसला. नंतर नवीने सांगितलं, त्याने विचारलं होतं, शेवटी काय म्हणाले बाबा. काकू म्हणाल्या, ‘काय?’ म्हणाले. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तो केंद्रात आला, तक्रार मागे घेतली, नवीसमोर उभं राहून माफी मागितली. माणूस वाईट नाही. काकूंशी मात्र त्याने बोलणं टाकलं.

नवी अजून आमच्याकडेच आहे. आता कोणी येईल ना म्हणून विचारलं की ती आधी विचारते, कुणाच्या घरातल्या टीव्हीबद्दल बोलताय. सुट्टीच्या दिवशी काकूंकडे जाते. तिच्याकडूनच कळलं. सकाळी पुतण्या दुकानाला निघाला की काकू खिडकीत येतात आणि विचारतात, निघालास का रे? हळू नाही, खणखणीत, रस्त्यापलीकडे शिंप्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तो मान खाली घालून निघून जातो. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा विचारतात.